खिरापत कुणी फोडली

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. गल्लीत दगड भिरकावला तर कुणा ना कुणा डॉक्टरच्या पाटीवर टण्णकन वाजेल. पण कृत्तिका वाटवे ज्या इमारतीत जायची तिथं आजारी माणसाला कामच नव्हतं. तिथं लागायची ती धडधाकट पोरं. 'अंकुर मेंदूविकास केंद्र' असं नाव, दारात बदामाचं झाड, आणि आत मुलांच्या डोक्यात काय उगवतंय ते बघत बसलेली शहाणी माणसं. सहा वर्षांची असल्यापासून दर वाढदिवसानंतर कृत्तिका तिथं डोकं दाखवायला जात होती. आता बाविसावं पूर्ण झालं होतं, म्हणजे ही शेवटची खेप.

"केस नुसते धू, तेल लावू नकोस," आई सकाळी म्हणाली. "मागच्या खेपेला केंद्रातला तो मुलगा बिचारा टोपी पुसत बसला होता."

"आई, मी आता बावीस वर्षांची आहे."

"मग? बाविसाव्या वर्षी डोकं आपोआप कोरडं होतं का?"

दोघी हसल्या. आई म्हणजे वृंदा वाटवे, शाळेत ग्रंथपाल. कृत्तिका चार वर्षांची असताना बाबा गेले, आणि तेव्हापासून या दोघींचा संसार. भांडण झालं तरी तेच दोन कप, गोडी झाली तरी तेच दोन कप. कृत्तिकाला आईशिवाय कुणी नव्हतं आणि खरं सांगायचं तर तिला कुणी नकोही होतं. कॉलेजात ओळखी झाल्या, मैत्रिणी झाल्या नाहीत. एक चांगला मुलगा वर्षभर मागं होता, त्याला तिनं "मला लोकांवर विसंबायला जमत नाही" असं तोंडावर सांगून वाटेला लावलं. गेल्याच महिन्यात पुण्याहून चांगली नोकरी चालून आली होती. तीही नाकारायचं तिच्या मनात होतं.

"जगात एकच माणूस माझ्या खात्रीचं आहे," ती आईला म्हणाली होती. "ते सोडून पुण्यात काय करू?"

तेव्हा आई उठून कप विसळायला लागली होती. आज सकाळीही तिचं काहीतरी बिनसलं होतं. शिरा केला आणि त्यात साखर घालायला विसरली. दारातून निघताना म्हणाली, "हेमामावशी काहीही बोलली ना, तरी आधी माझ्याकडे बघ हं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. चल."

हेमामावशी म्हणजे केंद्राच्या प्रमुख, डॉक्टर हेमांगी सबनीस. केंद्रातली सगळी मुलं त्यांना मावशीच म्हणायची. दर वर्षी त्यांच्या खणातून राजगिऱ्याचा लाडू निघायचा. आजही निघाला. मग त्यांनी स्वतःच्या हातानं कृत्तिकाच्या डोक्यावर टोपी बसवली.

या टोपीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यामुळंच घडलं. पूर्वी मेंदूचं चित्र काढायचं म्हणजे माणसाला बोगद्यासारख्या यंत्रात निपचित झोपवायचं. मूल हललं की चित्र बिघडलं. आणि अशा बोगद्यात मुलाला भीती आणि कंटाळा यांपलीकडे वाटणार तरी काय? पण मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात तेव्हा बारीकशी वीज वाहते, आणि वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण असतं. टोपीत काचेच्या इवल्या कुप्या होत्या, त्यांत रुबिडियम नावाच्या धातूची वाफ, आणि त्या वाफेतून जाणारा लेसरचा किरण. क्षेत्र जरासं बदललं की किरणही बदलायचा. एवढ्यावरून यंत्र सांगायचं, मेंदूचा कुठला भाग कुठल्या क्षणी कुणाशी बोलला. टोपी सायकलच्या हेल्मेटाएवढी हलकी. ती घालून मूल पळू शकायचं, भांडू शकायचं, रडू शकायचं. मुलं खरोखरची जगत असताना त्यांचा मेंदू बघायची सोय पहिल्यांदाच झाली होती.

"तुझी भेट," मावशी म्हणाल्या. "प्रत्येक मुलाला जाताना देतो आम्ही. सहा ते बावीस, तुझ्या मेंदूचा सिनेमा."

भिंतीवर चित्र उमटलं. सुरुवातीला नुसतं रान होतं, सगळीकडून सगळीकडं गेलेले धागे.

"लहान मुलाच्या मेंदूत जोडण्या गरजेपेक्षा जास्त असतात," मावशींनी सांगितलं. "मग छाटणी सुरू होते. द्राक्षबागेची करतात ना, तशी. वापरात नसलेल्या जोडण्या झडतात, आणि वापरातल्या वाटांवर चरबीचं वेष्टण चढतं, म्हणजे निरोप झटकन पोचतो. ज्या वाटेनं मूल पुन्हा पुन्हा जातं ती वाट पक्की होते."

आई खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली होती. ती चित्राकडं बघतच नव्हती.

मावशींनी एका जागी सिनेमा थांबवला. मेंदूत निरनिराळ्या ठिकाणी एकदम उजेड पडला होता.

"इथं तू नऊ वर्षांची आहेस. बघ हं, राग तान्ह्या बाळालाही येतो, भीतीही वाटते. त्यांना फारसं शिकावं लागत नाही. पण 'माझा विश्वासघात झाला' असं वाटायला बरंच काही आधी जमावं लागतं. समोरच्याच्या मनात काय आहे त्याची कल्पना करता यावी लागते, त्यानं दिलेला शब्द आठवावा लागतो, आपण त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं ते ताडून बघावं लागतं. आणि हे सगळं पोटात खड्डा पडण्याशी जोडलं जावं लागतं. ही जोडणी मुलात पहिल्यांदा कधी होते ते कुणीच पाहिलं नव्हतं. तुझ्यात ती या दिवशी झाली. आठवतो हा दिवस?"

आठवतो का म्हणे!

तो हादग्याचा दिवस होता. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर धरून गाणी म्हणणाऱ्या गल्लीतल्या पोरी, आणि शेवटी खिरापत. ज्या घरचा हादगा त्या घरानं डब्यात काहीतरी खाऊ लपवायचा आणि बाकीच्यांनी तो ओळखायचा. डबा हलवून बघायचा, गोड का तिखट विचारायचं, आणि नाहीच जमलं तर "हरलो" म्हणायचं. खिरापत कुणालाच न ओळखता येणं यापेक्षा मोठा मान नवव्या वर्षी दुसरा नसतो.

त्या वर्षी कृत्तिकाला अफलातून कल्पना सुचली होती. हादग्याला हादग्याच्याच फुलांची भजी! सगळं जग लाडू, करंजी, शेव करत बसेल, आणि ज्या झाडाच्या नावानं खेळ चाललाय ते कुणाच्या डोक्यातही येणार नाही. फुलं आणली होती गिरिजा कोरेनं, शेताच्या बांधावरून, फ्रॉकच्या ओच्यातून. गिरिजा शेजारच्या घरात राहायची आणि कृत्तिकाची जिवाभावाची मैत्रीण होती. दोघींनी मिळून फुलांतले कडू दांडे काढले, आईनं भजी तळली. म्हणजे खिरापत तिघींनाच ठाऊक होती. दोघींनी देवापुढं शपथ घेतली होती, कुणालाही सांगायचं नाही म्हणजे नाही.

केंद्र अधूनमधून टोपी घरी न्यायला द्यायचं, आणि त्या दिवशी ती कृत्तिकाच्या डोक्यावर होती. गल्लीला तिची सवय होती, कुणी हसायचं नाही. गाणी संपली, डबा आला, आणि समोरच्या घरातली पियू डब्याला हातसुद्धा न लावता ओरडली, "हादग्याच्या फुलांची भजी!"

कृत्तिकानं गिरिजाकडं बघितलं. गिरिजानं मान खाली घातली.

बास. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. कृत्तिका अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी किंचाळली होती, "फितूर! गिरी फितूर आहे!" गिरिजा काही बोलली नाही. तिनं एकही भजं खाल्लं नाही. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या पोरींनी तिला 'फितूर कोरे' म्हणायला सुरुवात केली, आणि ते शाळेपर्यंत पोचलं. गिरिजा दोनदा दारात आली होती, कृत्तिकानं दोन्ही वेळा कडी लावली. पुढच्या वर्षी कोरे कुटुंब शेतातल्या घरी राहायला गेलं. कृत्तिकाला वाईट वाटलं नाही. तिला आपण शहाणं झालो असं वाटलं. आपलं गुपित कुणाला सांगायचं नाही, आईखेरीज.

"आठवतो," ती मावशींना एवढंच म्हणाली.

मावशी तिच्यासमोर बसल्या. "कृत्तिका, गिरिजानं खिरापत सांगितली नव्हती."

"तुम्हाला काय माहीत?"

मावशींनी आईकडं बघितलं. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"पियूला मी सांगितलं होतं," आई म्हणाली.

कृत्तिकाला आधी हसूच आलं. "काहीतरीच काय."

"अभ्यासासाठी गं. मावशींनी विचारलं होतं. म्हणाल्या, मुलीचं एखादं लाडकं गुपित तुम्ही फोडा, आम्हाला फक्त बघायचंय की मेंदूत काय होतं. मला वाटलं, खिरापत तर आहे, त्यात एवढं काय! संध्याकाळपर्यंत विसरेल. पोरं काय रोजच भांडतात."

"आम्ही सगळ्याच मुलांच्या बाबतीत असं काहीतरी केलं होतं," मावशी समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "कुणाचं लपवलेलं मांजराचं पिल्लू, कुणाची किल्ल्यातली गुप्त वाट. फोडायचं ते आईनं नाहीतर वडिलांनी. आम्हाला वाटलं होतं की मूल आईवर चिडेल, महिनाभर ते नोंदवायचं आणि मग आईबापांनीच खरं सांगून टाकायचं. पण झालं भलतंच. एकाही मुलानं आईबापांवर संशय घेतला नाही. एकाही! सगळ्यांनी आळ घेतला तो भावावर, मैत्रिणीवर, शेजारच्या पोरावर. आमचा सगळ्यांत गाजलेला निष्कर्ष आहे तो."

"गाजलेला," कृत्तिका म्हणाली.

"विश्वासाच्या अभ्यासात त्यानं बरंच काही बदललं."

"आणि ज्यांच्यावर आळ आला त्यांच्या डोक्यावर टोपी होती?"

"नाही. ती मुलं अभ्यासात नव्हती."

कृत्तिका आईकडं वळली. "महिना झाल्यावर का नाही सांगितलंस? तेरा वर्षं, आई. तेरा वर्षं मी तिला शिव्या घालत आले. बाजारात समोर दिसली तर तोंड फिरवून गेले. तू माझ्या शेजारी होतीस. भाजीची पिशवी घेऊन शेजारी उभी होतीस तू!"

"सांगणार होते," आई रडायला लागली. "देवाशप्पथ सांगणार होते. पण तू शाळेतून आल्यावर सरळ माझ्याकडं यायला लागलीस. आधी सगळं त्या गिरीला सांगायचीस. दात पडला तरी गिरीला, बाई ओरडल्या तरी गिरीला. मला तिच्या तोंडून कळायचं. मला... मला आवडायला लागलं गं. मग जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड झालं."

कृत्तिकाला एकेक आठवायला लागलं. "लोकांवर फार विसंबू नये बाळा," हे कोण म्हणायचं? तो कॉलेजातला मुलगा घरी आला तेव्हा चहा गाळता गाळता "बघ हो, गिरिजासारखं व्हायचं" असं कोण पुटपुटलं होतं?

"गिरिजाला ठाऊक होतं का, तू सांगितलंस ते?"

"छे गं," आई घाईघाईनं म्हणाली. "त्या पोरीला काय ठाऊक असणार."

कृत्तिकानं कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला आणि बोटं टोपीला लागली. समोरच्या काचेत तिचं प्रतिबिंब दिसत होतं. टोपीच्या कडेला हिरवा दिवा मिणमिणत होता.

"हे चालू आहे?"

"कृत्तिका, शांतपणे ऐक..."

"मावशी, हे चालू आहे का?"

"निरोपाच्या तपासणीला तू स्वतः होकार दिला होतास," मावशी हळूच म्हणाल्या. "जुन्या विश्वासघातामागचं खरं कळतं तेव्हा मोठ्या माणसाच्या मेंदूत काय होतं, हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. तुला आधी सांगितलं असतं तर ते पाहताच आलं नसतं."

म्हणजे आजची कबुलीही प्रयोगच! आईनं तेरा वर्षं तोंड शिवून ठेवलं होतं, आणि ते उघडलं ते लेकीसाठी नव्हे, यंत्र लावून झाल्यावर, ठरल्या वेळी. सकाळच्या बिनसाखरेच्या शिऱ्याचं कारण आता कृत्तिकाच्या लक्षात आलं.

"आई, तुला माहीत होतं ना, आज हे चालू असणार?"

आईनं मान खाली घातली. तेरा वर्षांपूर्वी गिरिजानं घातली होती, अगदी तशीच.

कृत्तिकानं टोपी काढली. आपटावी असं फार वाटलं, पण टोपीचा काय दोष! तिनं ती टेबलावर ठेवली. मावशी लगबगीनं उठल्या आणि खणातून कपाळाला बांधायचा पातळ पट्टा काढला.

"रागव, तुला हक्क आहे. पण एवढं कर. आठवडाभर हा बांध. गिरिजाला भेटायला जाशील तेव्हा तर बांधच. शेवटचा प्रश्न राहिलाय आमचा. इतकी पक्की झालेली वाट पुन्हा पुसली जाते का? तुझ्यामुळं शेकडो मुलांना..."

"मावशी," कृत्तिका म्हणाली, "तुमच्या खणात आधी लाडू असायचा."

ती बाहेर पडली. मागून आईनं हाक मारली, दोनदा. ती थांबली नाही.

चालकाशिवायच्या रिक्षात बसल्यावर पत्ता सांगायला तिला जरा वेळ लागला. कोऱ्यांचं शेत म्हैसाळच्या रस्त्याला आहे हे तिला ठाऊक होतं. 'गिरिजा बेदाणे' असं छापलेली पाकिटं मिरजेच्या बाजारात दुकानादुकानांत असायची आणि आजवर तिनं एकही घरात येऊ दिलं नव्हतं. वाटेत ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. 'मला आजच कळलं.' 'माझी चूक झाली.' सगळी फुसकी वाटत होती. आपण फसवले गेलो याचा संताप होताच, पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी जास्त टोचत होतं. तिची फसवणूक यंत्रात नोंदली तरी गेली. गिरिजाची कुणीच नोंदली नव्हती.

बेदाण्याची शेड लांबूनच दिसली. वर पत्रा, खाली मजल्यावर मजले बांधलेल्या जाळ्या, आणि जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं, काही अजून हिरवी, काही पिवळी पडून सुरकुतलेली. वाऱ्यावर गोड, आंबूस वास येत होता. डोक्याला फडकं बांधलेली एक उंच मुलगी वरच्या जाळीवरचे घड उलटत होती. रिक्षाचा आवाज ऐकून ती वळली. ओळख पटायला तिला क्षणही लागला नाही.

"वाटव्यांची कृत्तिका," ती म्हणाली. "बेदाणा घ्यायला आलीस व्हय?"

"गिरी..." कृत्तिकाची जुळवलेली सगळी वाक्यं पळाली. "गिरी, तू नव्हतं सांगितलंस. खिरापत. पियूला आईनं सांगितलं होतं. मला आत्ता कळलं. तासाभरापूर्वी."

गिरिजानं हातातला घड जाळीवर ठेवला. फडक्याला हात पुसले.

"मला ठाव हाय की," ती म्हणाली.

"काय?"

"मी पाणी प्यायला आत गेलते. गाणी चालली होती तुमची. दाराआड काकू पियूच्या कानात सांगत होत्या. मला बघितलं आणि दचकल्या. मग जवळ घेतलं, गालावरनं हात फिरवला. म्हणाल्या, 'गिरी, गंमत आहे हं एक. कृत्तिकाला सांगायचं नाही. घे शपथ माझ्या गळ्याची.' घेतली मी."

'छे गं, त्या पोरीला काय ठाऊक असणार,' तासाभरापूर्वी, डोळ्यांत पाणी आणून, आई म्हणाली होती. कबुली देताना सुद्धा तिनं आपल्या सोयीपुरतीच दिली होती. नऊ वर्षांच्या पोरीला शपथ घालून तिच्या गळ्यात आपलं पाप बांधलं, आणि वर गल्लीतल्या पोरी तिला फितूर म्हणताना खिडकीतून ऐकत राहिली.

"म्हणून तू मान खाली घातलीस," कृत्तिका म्हणाली.

"मग काय करणार! तुझ्याकडं बघितलं असतं तर हसू फुटलं असतं मला. गंमतच वाटत होती की. मला वाटलं, आता काकू पुढं येतील आणि सांगतील. त्या दिवशी नाही आल्या, म्हटलं उद्या सांगतील. तुझ्या दारात दोनदा आले न्हवं मी? तुला बघायला न्हाई आले. काकूंना बघायला आले होते. म्हटलं, मला बघून तरी त्यांना आठवंल."

"अगं, पण मग तू का नाही सांगितलंस? मला ओरडून सांगायचं होतंस! शाळेत पोरी चिडवायच्या तुला. एक वाक्य बोलली असतीस तर सगळं मिटलं असतं."

गिरिजा तिच्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, पण माया होती असंही नाही.

"तू मला गल्लीत काय म्हणालीस? गुपित फोडणारी. फितूर," ती म्हणाली. "मी न्हवते तशी. आणि नाही हे दाखवायला मला काय करावं लागलं असतं? गुपितच फोडावं लागलं असतं की! मग तू म्हणत होतीस तीच झाले असते न्हवं मी."

कृत्तिका रडली. गल्लीला ऐकू जाईल असं नाही, पण शेडमधल्या दोन बायका काम थांबवून बघायला लागल्या एवढं. गिरिजानं तिला जवळ बिवळ घेतलं नाही. एक उलटं क्रेट तिच्याकडं सरकवलं आणि पाण्याची बाटली दिली.

"माफ कर म्हणू नकोस," ती म्हणाली. "ते मला एवढ्यात जमायचं न्हाई. फार वर्षं झाली. त्या नावापायी शाळा बदलली मी."

"नाही म्हणत."

"पण बस जरा. ऊन फार हाय."

कृत्तिका बसली. तेवढ्यात फोन वाजला. आईचा होता. तिनं तो वाजू दिला, पुन्हा वाजला, तेव्हा उचलला.

"कुठं आहेस बाळा? गिरिजाकडं गेलीस का?" आईचा आवाज रडून बसला होता. "भेटली का ती? बोलली का काही?"

"बोलली."

मग आईनं विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "काय म्हणाली?"

कृत्तिकानं समोर बघितलं. गिरिजा पुन्हा जाळीपाशी जाऊन घड उलटायला लागली होती. जे तिनं एवढी वर्षं सांभाळलं ते आज कृत्तिकाच्या हातात आलं होतं. आजवर आईला न सांगितलेली एकही गोष्ट कृत्तिकाकडं नव्हती. आता एक होती.

"ओळख," ती म्हणाली.

"काय?"

"ओळख ना आई. तिखट आहे."

कृत्तिकानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. आई 'हरले' म्हणते का, याची ती वाट बघत बसली.